घोड्यांची ‘क्रेनिओसेक्रल थेरपी’: कवटीची हाडं खरंच हाताने हलतात का?

घोड्याच्या कपाळावर आणि मानेवर हात हलकेच टेकवले जातात. थोड्या वेळाने घोडा ओठ सैल सोडतो, जांभई देतो. ‘कवटीची अडकलेली हाडं मोकळी झाली,’ असा दावा या उपचारात केला जातो. त्यात तथ्य किती?

कल्पना कुठून आली?
कवटीची हाडं मोठेपणीही सूक्ष्म हलतात, असं अमेरिकन ऑस्टिओपॅथ विल्यम सदरलँड यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडलं. त्यावरून जॉन अपलेजर यांनी १९७० च्या दशकात माणसांसाठी ही थेरपी विकसित केली. मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवाला लय असते आणि सुमारे ५ ग्रॅम दाबाने ती सुधारते, असं त्यात मानतात. पुढे ही पद्धत घोड्यांवरही वापरली जाऊ लागली.

घोड्याची कवटी कशी वाढते?
शिंगराच्या कवटीतली अनेक हाडं जन्मतः सुटी असतात. त्यांच्यामधल्या शिवणींपाशी नवं हाड तयार होतं आणि कवटी वाढते. कायमचे दात साधारण ५ व्या वर्षापर्यंत येतात. लांबलचक दाढांना जागा देताना चेहराही लांबतो. वयानुसार बऱ्याच शिवणी घट्ट होतात किंवा मिटतात. कवटीच्या तळाचा एक सांधा साधारण २ ते ५ वर्षांदरम्यान भरून येतो. म्हणूनच तरुण घोडा मागच्या पायांवर उभा राहून उलटा पडला, तर तिथे मोडण्याचा धोका असतो.

आणखी एक गोष्ट म्हणजे घोड्याच्या कपाळामागे बराचसा भाग हवेच्या पोकळीचा, म्हणजे सायनसचा असतो. मेंदू त्याच्या मागे, कानांच्या बाजूला असतो.

पुरावा काय सांगतो?
एकाच माणसाला तपासणाऱ्या दोन थेरपिस्टना जाणवलेली लय अनेकदा जुळत नाही, असं अभ्यासांत दिसलं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सशांवरच्या प्रयोगात हलक्या दाबाने कवटीची शिवण लक्षणीय हलली नाही. घोड्याचं हाड तर कितीतरी जाड असतं.

मग घोडा शांत का होतो?
संथ स्पर्श घोड्यांना आवडतो. एकमेकांना खाजवतात त्या जागी, आयाळ संपते तिथे, चोळल्यास त्यांच्या हृदयाचे ठोके कमी होतात. हा आराम खरा असतो, पण त्यासाठी हाडं हलावी लागत नाहीत.

धोका कुठे आहे?
स्पर्श निरुपद्रवी असला, तरी निदान लांबणं निरुपद्रवी नाही. डोकं झटकणं, लगाम नाकारणं किंवा घास तोंडातून पडणं यामागे दुखरी दाढ असू शकते. एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल, तर सायनसचा संसर्ग असू शकतो. पडल्यानंतर नाकातून किंवा कानातून रक्त आलं किंवा तोल जात असेल, तर पशुवैद्यांना ताबडतोब बोलवावं. हलका हात नंतरही फिरवता येतो, तपासणी मात्र आधी व्हायला हवी.