संयुग ‘ई’

१९२९ सालचा एप्रिल महिना. अमेरिकेतल्या रॉचेस्टर गावी, मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताने गांजलेला एक ६५ वर्षांचा रुग्ण डॉ. फिलिप हेंच यांना आपली हकिकत सांगत होता. रुग्ण स्वतःही डॉक्टरच. त्याला कावीळ झाली आणि एकदोन दिवसांतच सांधे दुखायचे थांबले. कावीळ उतरली तरी काही आठवडे आराम टिकला. एखाद्याने ‘योगायोग’ म्हणून ती गोष्ट सोडून दिली असती. हेंच यांनी अशा रुग्णांची टिपणं ठेवायला सुरुवात केली. पुढे त्यांना गरोदरपणातही संधिवात ओसरलेला दिसला. शरीरातच तयार होणारं काहीतरी हा आजार थोपवतं, असं त्यांना वाटू लागलं. या अज्ञात गोष्टीला त्यांनी ‘पदार्थ एक्स’ म्हटलं. रुग्णांना पित्त देऊन पाहिलं, काविळीच्या रोग्याचं रक्त देऊन पाहिलं. हाती काही लागलं नाही.

त्याच संस्थेत एडवर्ड केंडल हे रसायनज्ञ गुरांच्या अधिवृक्क ग्रंथींच्या मागे लागले होते. मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या या इवल्याशा ग्रंथी. ढिगाने ग्रंथी आणाव्यात तेव्हा चिमूटभर स्फटिक मिळायचे. त्यांतून वेगळी केलेली संयुगं केंडल यांनी इंग्रजी अक्षरांनी ओळखायला सुरुवात केली: ए, बी, ई, एफ. स्वित्झर्लंडमध्ये टाडेउस राइखस्टाइन स्वतंत्रपणे त्याच वाटेवर होते. संधिवातावर ‘ई’ देऊन बघायचं, हे हेंच आणि केंडल यांनी १९४१ मध्येच ठरवलं, पण द्यायला पुरेसं ‘ई’ होतं कुठे? अखेर मर्क कंपनीतल्या लुईस सॅरेट या तरुणाने १९४४ मध्ये ते प्रयोगशाळेत घडवलं, तीसहून अधिक पायऱ्यांनी. कच्चा माल होता बैलाच्या पित्तातलं आम्ल. पित्तात ‘एक्स’ सापडलं नव्हतं, पण ‘ई’चा रस्ता पित्तातूनच निघाला!

२१ सप्टेंबर १९४८ ला पहिलं इंजेक्शन दिलं गेलं, इंडियाना राज्यातून आलेल्या २९ वर्षांच्या एका बाईला. तिला अंथरुणात कूस बदलणं जड जात होतं. तिसऱ्याचौथ्या दिवशी ती सहज हिंडूफिरू लागली आणि आठवड्याने गावात खरेदीला जाऊन आली. ‘ई’चं बारसं झालं: कॉर्टिसोन. दोनच वर्षांत, १९५० मध्ये, हेंच, केंडल आणि राइखस्टाइन यांना नोबेल मिळालं.

ही कथा बहुतेक वेळा इथेच थांबवतात. मला ते पटत नाही, कारण पुढचा भागही त्याच पहिल्यावहिल्या रुग्णांच्या अंगावर घडला. डोस होता रोज १०० मिलिग्रॅम, म्हणजे शरीर या जातीचं संप्रेरक एरवी दिवसभरात बनवतं त्याच्या कितीतरी पट. चेहरे गोल गरगरीत झाले, अंगावर पाणी धरलं, पुरळ उठलं, काहींचं मन सैरभैर झालं. औषध थांबवलं की सांधे पुन्हा धरू लागले. आजार दबला होता, गेला नव्हता. यातलं पुष्कळसं हेंच यांनी स्वतःच नोंदवून ठेवलं आहे.

हे असं का होतं? कॉर्टिसोनच्या कुळातलं स्टिरॉइड पेशीच्या आत शिरतं, तिथल्या ग्राहक प्रथिनाला चिकटतं आणि त्याच्यासह केंद्रकात जाऊन जनुकांचं काम बदलतं. दाह पेटवणारी रसायनं बनायची कमी होतात म्हणून सूज उतरते, दमेकऱ्याचा श्वास मोकळा होतो. पण हे ग्राहक जवळजवळ प्रत्येक पेशीत असतात. यकृत जास्त साखर बनवतं, स्नायू झिजतात, नवं हाड भरायचं मंदावतं, जंतूंशी लढणाऱ्या पेशी शांत बसतात. १९५५ मध्ये प्रेडनिसोन हे नवं स्टिरॉइड आलं, तेव्हा मीठपाणी साठण्याचा त्रास बराच कमी झाला. साखरेचा आणि हाडांचा मात्र नाही, कारण दाह शमवणारा आणि साखर वाढवणारा ग्राहक एकच.

शिवाय बाहेरून भरपूर पुरवठा होतोय हे पाहून मेंदूतली पीयूषिका ग्रंथी अधिवृक्कांना हुकूम देणं बंद करते. काही आठवड्यांत त्या सुस्तावतात, आकसतातही. अशा वेळी गोळी एकदम बंद केली तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. म्हणून जास्त दिवस चाललेला डोस डॉक्टर हळूहळू उतरवत नेतात, आणि गोळी बहुधा सकाळी नाश्त्यानंतर घ्यायला सांगतात, कारण शरीराचं स्वतःचं संप्रेरकही सकाळीच सर्वांत जास्त असतं. बरं वाटतंय म्हणून मनानेच गोळ्या सोडणारे आणि जुन्या चिठ्ठीवर मनानेच चालू ठेवणारे, दोघांचीही मला सारखीच धास्ती वाटते.

जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीचा निकाल आला. याच कुळातलं स्वस्त डेक्सामेथासोन, रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस दिलं, तर व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता, त्यांना मात्र काहीच फायदा दिसला नाही. निकालाचा हा दुसरा अर्धा भाग वर्षभरात आपल्याकडे अनेकांनी कानाआड केला. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत स्टिरॉइड गरज नसताना, लवकर आणि जास्त दिवस दिलं गेलं, कित्येकदा घरीच, साखर न तपासता. मग महाराष्ट्रातल्या रुग्णालयांत म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजाराचे रुग्ण येऊ लागले, त्यांत बहुतेक मधुमेही. जीव वाचवण्यासाठी कुणाचा वरचा जबडा काढावा लागला, कुणाचा डोळा.