मांडलेली चूल

'घरोघरी मातीच्या चुली' असं आपण म्हणतो खरं, पण 'चूल मांडणे' यातली चूल माझ्या मते दगडांची. मातीची चूल घालतात, लिंपतात, पोतेरं फिरवून सारवतात. मांडायचे ते सुटे दगड. तीन ठेवले, मध्ये जाळ केला, वर भांडं चढवलं. 'मांडणे'चं मूळ संस्कृत 'मण्ड्', म्हणजे सजवणे. मराठीत ते नुसतं नीट लावून ठेवण्यावर आलं, म्हणून डाव मांडतात, हिशेब मांडतात आणि भांडणानंतर वेगळी चूलही मांडतात.

'चूल' आली संस्कृत 'चुल्ली'वरून. घरात नकळत जीवहत्या होते अशा पाच जागा मनुस्मृतीत सांगितल्या आहेत, त्यांत चुल्ली पहिली; जातं, उखळ, पाण्याचा घडा मागाहून. अमरकोशात चुलीला पाच नावं आहेत: अश्मन्त, उद्धान, अधिश्रयणी, चुल्लि, अन्तिका. पहिल्या नावात 'अश्मन्', म्हणजे दगड, उघड दिसतो. हे नाव पंडितांकडेच राहिलं. स्वयंपाकघराने उचललं ते चुल्लि.

खानदेशात ती स्त्रीलिंगीही राहिली नाही. धुळ्याकडची अहिराणी असो की जळगावकडची लेवा गणबोली, तिथे तो 'चुल्हा'. शेजारच्या गुजरातीत 'चूलो', हिंदीत 'चूल्हा'. खानदेशाने शेजाऱ्यांशी जुळवून घेतलं. बहिणाबाई चौधरींच्या (१८८०–१९५१) कवितेतही चुल्हाच आहे.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मांडे करायचे तर घरातली चूल अपुरी पडते. अंगणात मोठे दगड किंवा विटा लावून त्यावर खापर पालथं घालतात. खापर म्हणजे संस्कृत 'खर्पर'. बाकी महाराष्ट्र खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फोडतो. खानदेशी बाई ते जिवापाड जपते. मांडा मात्र 'मण्डक' या जुन्या पक्वान्नावरून आला.

हे सगळं आठवण्याचं कारण, संग्रहालयांतून जुन्या घरांचे देखावे उभे राहतात आणि चुलीपाशी येऊन बिघडतात. जुन्या जळगावात बहिणाबाईंच्या वाड्यात त्यांच्या संसारातल्या वस्तू जपल्या आहेत. तिथे खरं ते पाहायला मिळतं. नवी प्रतिकृती करणाऱ्याने एवढं पाहावं: दगड शेतातला, कोरडा काळा पाषाण घ्यावा. नदीतला गोटा दिसायला देखणा, पण आत मुरलेल्या पाण्याची वाफ झाली की तो तडकतो. काजळी दगडांच्या आतल्या अंगालाच धरते, बाहेरून ते जवळजवळ स्वच्छ राहतात. सगळीकडून काळा रंग फासलेली चूल कधी पेटलेलीच नसते. लाकूड सारायला एक बाजू मोकळी हवी. आणि सिमेंटने दगड चिकटवले की तिला मांडलेली कसं म्हणायचं?

प्रतिकृतीपुढच्या पाटीवर काय लिहायचं, हा प्रश्न उरतो. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे. धुळ्यातच १९२६ साली देह ठेवलेल्या वि. का. राजवाड्यांचा धातुकोश आणि नामादिशब्दव्युत्पत्तिकोश याच मंडळाने छापले. शब्दांची एवढी उठाठेव झालेल्या मुलखात पाटीवर 'फायरप्लेस' नको आणि 'पाषाण-अग्निकुंड' तर नकोच नको. 'चुल्हा' लिहा; जळगाव-धुळ्याच्या माणसाला समजावून सांगावं लागणार नाही.