दोन खोल्या आणि एक बाक

आमच्या गल्लीतल्या शाळेचा पट वाढला, म्हणून दोन खोल्या बांधाव्यात यासाठी पालकांची सभा होती. वरून सूचना भलतीच : खोल्या कशाला, शेजारची शाळाही याच इमारतीत बसवा; सकाळी एक, दुपारी दुसरी. नातवाच्या वतीनं मी गेलो आणि पहिलीच्या बाकात अडकलो. तेव्हा शेवटपर्यंत थांबणं आलंच.

“आपल्या धाराशिवात शाळेसाठी कधी कोण झगडलंय हो?” एक गृहस्थ म्हणाले. मला राहवेना. बाकासकट उठलो!

म्हटलं, हिप्परगा आठवा की! १९२१ साल, राज्य निजामाचं. वरच्या इयत्तांत सगळं उर्दूतून. मराठी पोरानं आधी भाषेशी झुंजायचं, मग भूगोलाशी. खासगी शाळा म्हटली की सरकारच्या कपाळाला आठी. तरी त्या आडगावात राष्ट्रीय शाळा निघाली. १९२९ मध्ये तिथं खेडगीकर मास्तर आले, मुख्याध्यापक झाले. हेच पुढं संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाले आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे पुढारी. (माझ्या लहानपणीच्या हेडमास्तरांचा संग्राम फक्त गळक्या पत्र्यांशी चाले.) १९३५ मध्ये स्वामीजी सहकाऱ्यांसह अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत गेले. निजामाची राजवट संपायला १७ सप्टेंबर १९४८ उजाडावं लागलं; पोरं मात्र त्याआधीच मराठीतून शिकून बसली होती.

सभा गप्प. मग कुणीतरी म्हणालं, “दोन कशाला, तीन खोल्या मागू!”

अर्जावर पहिली सही माझी घेतली. दोघांनी बाक ओढून काढल्यावर.