तलावातले मीठ आणि क्लोरिन

पोहण्याच्या सार्वजनिक तलावात क्लोरिन असावा की मीठ, ह्या वादात ‘मीठ’ शब्दाचे दोन निरनिराळे अर्थ एकत्र होतात, असे आम्हांस दिसून आले आहे. हा घोटाळा उलगडावयाचा तर थोडे मागे गेले पाहिजे.

पूर्वी खाऱ्या पाण्याचा तलाव म्हणजे समुद्राच्या पाण्याचा तलाव. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे १९२५ साली उघडलेला फ्लाइशहॅकर तलाव हा त्यांतला महाकाय. लांबी १००० फूट, रुंदी १५० फूट, आत सुमारे अडीच कोटी लिटर पाणी! बुडणाऱ्यांना वाचविणारे रक्षक तेथे होड्यांतून हिंडत. पॅसिफिक महासागराचे पाणी आत घेऊन ते गाळीत व कोमट करीत. १९७१ च्या जानेवारीत वादळाने तलावाचा नळ मोडला. दुरुस्तीचा खर्च नगरपालिकेस पेलवेना, म्हणून गोडे पाणी भरण्यात आले. परंतु ते नितळ राहीना, आणि त्याच वर्षी एवढा थोरला तलाव बंद पडला.

क्लोरिनची कथा वेगळी. शेले ह्याने तो १७७४ साली प्रथम तयार केला. १८१० मध्ये डेव्हीने त्यास मूलद्रव्य ठरवून नाव दिले. १९०८ साली जर्सी सिटीच्या पिण्याच्या पाण्यात डॉ. जॉन लील ह्यांनी, शहराची परवानगी न घेताच, क्लोरिनयुक्त चुना मिसळण्यास आरंभ केला. प्रकरण न्यायालयात गेले आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला. पुढे हाच उपाय पोहण्याच्या तलावांनी उचलला.

आता आजचा ‘मिठाचा तलाव’ पाहा. समुद्राच्या एका लिटरात सुमारे ३५ ग्रॅम क्षार. ह्या तलावात मीठ जेमतेम तीन-चार ग्रॅम. तेवढ्याने रोगजंतू मरत नाहीत. ते पाणी यंत्रातून जाताना त्यात वीज खेळवतात आणि मिठातूनच क्लोरिन निर्माण होतो. काम उरकले की बहुतांशी त्याचे पुन्हा मीठ होते. म्हणजे मिठाचा म्हणून ज्याची वाखाणणी होते, तो तलावही क्लोरिनचाच!

डोळे चुरचुरतात व उग्र वास येतो, त्याचा दोषही बहुधा निव्वळ क्लोरिनचा नसतो. पोहणाऱ्यांचा घाम आणि मूत्र ह्यांच्याशी त्याचा संयोग होऊन क्लोरामाइन नावाची द्रव्ये बनतात, त्यांचा तो प्रताप. देवळात शिरण्यापूर्वी तळीवर पाय धुणारे आम्ही लोक पोहण्याच्या तलावात मात्र अंग न धुता उडी घेतो, हे कसे?

भेद उरतो तो व्यवहाराचा. मिठाच्या तलावात क्लोरिनची भुकटी साठविण्याचा व हाताळण्याचा धोका नोकरांना कमी. उलट यंत्र महाग, त्याच्या पट्ट्या काही वर्षांनी बदलाव्या लागतात, आणि खाऱ्या पाण्याने शिडीचे लोखंड व काठाचा मऊ दगड झिजतो.