कीटण, सोन्याची तार आणि कुर्तुब्याचा जर्राह

रमजानच्या आधी अम्मीला दातांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. हिरड्यांतून रक्त यायचं, खालचे दोन दात हलत होते. डॉक्टरांनी स्केलिंग करायला सांगितलं आणि अम्मी खुर्चीतून उठलीच. "खरवडल्याने दात ढिले होतात," हे तिचं ठाम मत. आमच्या मोहल्ल्यात निम्म्या लोकांचं हेच मत आहे. कीटण म्हणजे जणू दातांचं सिमेंट. ते निघालं की फटी दिसतात, दात हलताना जाणवतात आणि दोष डॉक्टरवर येतो.

मग घरी आल्यावर तिला अल-जहरावीबद्दल सांगितलं.

अबुल कासिम अल-जहरावी अंदलुसचा, म्हणजे मुस्लिम राजवटीतल्या स्पेनचा. कुर्तुबा शहराजवळ खलिफा अब्दुर्रहमान तिसरा याने इ. स. ९३६च्या सुमारास मदिनतुज्जहरा हे शाही नगर वसवायला घेतलं. 'जहरावी' हे नाव त्यावरून पडलं. इ. स. १०००च्या आसपास त्याने 'अत-तसरीफ' हा ३० भागांचा वैद्यकग्रंथ पुरा केला. शेवटचा भाग जर्राहीचा, म्हणजे शस्त्रक्रियेचा. त्यात सुमारे दोनशे हत्यारांच्या आकृत्या आहेत.

यातलं दातांवरचं लिखाण आजही वाचण्यासारखं आहे. दातांच्या आतून-बाहेरून आणि हिरड्यांच्या कडेला खरखरीत पापुद्रे साचतात, काळे, पिवळे, हिरवट. त्यांच्यामुळे सडकेपणा हिरडीपर्यंत पोचतो, असं तो सांगतो. उपाय काय, तर रुग्णाचं डोकं मांडीवर घ्यायचं आणि कीटण खरवडून काढायचं. एका बैठकीत निघालं तर ठीक. नाही तर दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी. यासाठी त्याने १४ खरवडण्या काढून दाखवल्या आहेत, कारण दाताच्या बाहेरच्या बाजूला चालणारं हत्यार आतल्या बाजूला चालत नाही, आणि दोन दातांमधल्या फटीसाठी आणखी वेगळं लागतं. आजच्या दवाखान्यातला ट्रे पाहिला तर तोच हिशेब दिसतो.

दात उपटण्याबाबत मात्र तो फार सबुरीचा. दुखतोय म्हणून लगेच काढू नका, आधी सगळे इलाज करून पाहा. दातासारख्या मोलाच्या गोष्टीची भरपाई होत नाही, असं त्याचं म्हणणं. काढायचाच असेल तर दुखरा दात कोणता याची खात्री करा, कारण वेदनेत रुग्णालाही तो नीट सांगता येत नाही आणि चांगला दात जातो. आधी हिरडी चहूबाजूंनी सोडवायची, दात हळूहळू हलवायचा, मगच चिमटा. अडाणी हज्जाम दात मोडून मुळं आतच ठेवतात, कधी जबड्याचा तुकडाही काढतात, यावर तो चिडून लिहितो.

हलणारे दात मात्र तो बांधतो. मऊ सोन्याची तार दोन्ही बाजूंच्या घट्ट दातांपर्यंत विणत न्यायची आणि पीळ देऊन टोकं अशी दडवायची की जिभेला टोचू नयेत. चांदी का नको? ती काही दिवसांत हिरवी पडते.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. व्हॉट्सॲपवर 'जगातला पहिला' असं लिहून जहरावीचं चित्र फिरत असतं. ते खरं नाही. सातव्या शतकातल्या ग्रीक वैद्य पॉलने कीटण काढण्याबद्दल आधीच लिहिलं होतं आणि जहरावीने त्याच्याकडून भरपूर घेतलं. सोन्याच्या तारेने दात बांधणं फिनिशियनांनाही माहीत होतं. जहरावीचं मोठेपण वेगळं आहे : हत्यार कसं दिसतं, कुठे लावायचं, चूक कुठे होते, हे त्याने इतरांना शिकता येईल असं मांडलं. म्हणूनच बाराव्या शतकात तोलेदोत जेरार्डने त्याचं लॅटिन भाषांतर केलं आणि पुढची कित्येक शतकं युरोप ते वाचत राहिला. पिअर फोशार या फ्रेंच दंतवैद्याचा गाजलेला ग्रंथ आला तो १७२८ मध्ये. याच फोशारने सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि दातातली कीड त्याला काही दिसली नाही. आपण अजून 'दाताला कीड लागली' म्हणतो, आणि बाजारात कानातून-दातातून किडे काढून दाखवणारे अजूनही बसतात.

ज्या नगरावरून त्याचं नाव पडलं, ते १०१०च्या सुमारास यादवीत लुटलं गेलं, जळलं. ग्रंथ उरला.

अम्मीने सगळं ऐकून एवढंच विचारलं, "मिसवाक करत असतील ना ते?" मी म्हटलं, करत असतील, पण साचलेलं कीटण मिसवाकने निघत नाही, आणि तुझ्या मशेरीने तर मुळीच नाही. दुसऱ्या आठवड्यात ती गेली. दोन बैठकांत स्केलिंग झालं, आणि हलणारे दोन दात डॉक्टरांनी शेजारच्या दातांना बारीक तारेने बांधले. तार स्टीलची. सोन्याची असती तर अडीनडीला मोडता आली असती, असं अम्मी म्हणते.