गुण कुणाच्या हातात?

आपल्याकडे प्रवेश अर्जासोबत गुणपत्रिका जोडायची की नाही, असा प्रश्न कुणालाच पडत नाही. गुणपत्रिकेशिवाय अर्ज पुरा होतच नाही. पण मुलगा किंवा मुलगी पदवीच्या शिक्षणासाठी अमेरिकेला जायचं म्हणू लागली, की हा प्रश्न घरात येतो. तिथल्या ‘सॅट’ परीक्षेचे गुण कॉलेजला कळवायचे की झाकून ठेवायचे? अनेक कॉलेजांनी ते ऐच्छिक ठेवलं आहे. हा अधिकार विद्यार्थ्याला सहजासहजी मिळालेला नाही, आणि मिळाल्यावर त्याचा फायदा सगळ्यांना सारखा झाला असंही नाही.

गोष्ट सुरू होते १९०० साली. त्याआधी प्रत्येक कॉलेजची प्रवेश परीक्षा वेगळी, अभ्यासक्रम वेगळा. एकाच शाळेतल्या दोन मुलांची तयारी दोन तऱ्हांनी करून घेताना मास्तरांच्या नाकी नऊ येत. म्हणून काही संस्थांनी मिळून ‘कॉलेज बोर्ड’ स्थापन केलं. जून १९०१ मध्ये पहिली सामाईक परीक्षा झाली. परीक्षार्थी होते ९७३. लॅटिन, ग्रीक, इतिहास, गणित अशा विषयांची उत्तरं लिहून द्यायची. अर्थातच, हे विषय ज्या शाळेत नीट शिकवले जात तिथल्या मुलांचं फावत असे.

२३ जून १९२६ रोजी वेगळ्या धर्तीची परीक्षा आली, ती सॅट. पाठांतर तपासण्याऐवजी उपजत बुद्धी मोजायची, असा तिचा दावा होता. पहिल्या वेळी सुमारे आठ हजार मुलं बसली. ९७ मिनिटं आणि ३१५ प्रश्न! तिचे कर्ते प्रिन्स्टनचे मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगहॅम. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या बुद्धिचाचण्या झाल्या होत्या. त्यांच्या आधारे ब्रिगहॅम यांनी १९२३ साली एक पुस्तक लिहून काही वंश बुद्धीनं श्रेष्ठ असल्याचं सांगितलं. पुढे १९३० साली त्यांनी स्वतःच ते निष्कर्ष निराधार ठरवून मागे घेतले. परीक्षा मात्र राहिली.

आणि तिनं एक चांगलं कामही केलं. १९३३ साली हार्वर्डचे अध्यक्ष झालेल्या जेम्स कॉनंट यांना ठरावीक श्रीमंत घराण्यांपलीकडची हुशार मुलं हवी होती. हेन्री चाउन्सी या सहकाऱ्यानं त्यांना सॅटचा मार्ग सुचवला. दूरच्या राज्यांतल्या मुलांसाठी शिष्यवृत्ती सुरू झाली. इलिनॉयमधल्या शॅम्पेन गावचा जेम्स टोबिन हा मुलगा तीच शिष्यवृत्ती घेऊन १९३५ साली हार्वर्डला गेला. त्याच्या मनात खरं तर घराजवळच्याच विद्यापीठात शिकायचं होतं. योजना वडिलांच्या वाचनात आली आणि त्यांनी अर्ज करायला सुचवलं. १९८१ साली टोबिन यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

दुसऱ्या महायुद्धानंतर सॅट देणाऱ्यांची संख्या लाखांत गेली. पण एक गोष्ट ऐकून आज नवल वाटेल. १९५८ पर्यंत परीक्षार्थींना स्वतःचे गुण कळवलेच जात नसत! मुलानं परीक्षा द्यायची, गुण शाळेला आणि कॉलेजला जायचे, आणि मुलानं निकालावरून काय तो अंदाज बांधायचा. गुण मुलाचे, पण मालकी कॉलेजची.

ही मालकी हळूहळू सुटत गेली. १९६९ साली मेन राज्यातल्या बोडन कॉलेजनं ‘गुण कळवायचे तर कळवा, नाहीतर नको’ अशी सवलत दिली. २००९ पासून अनेकदा परीक्षा देणाऱ्याला कोणत्या दिवसाचे गुण पाठवायचे हे निवडता येऊ लागलं, अर्थात कॉलेजची हरकत नसेल तर. दरम्यान शिकवण्यांचा धंदा फोफावला होता. शिकवणीनं गुण वाढतात म्हटल्यावर उपजत बुद्धीचा दावा टिकेना. आज ‘सॅट’ ही आद्याक्षरं कशाचाच संक्षेप नाहीत!

२०२० साली कोरोनाच्या साथीत परीक्षा केंद्रं बंद पडली आणि बहुतेक कॉलेजांनी गुण ऐच्छिक केले. कॅलिफोर्निया विद्यापीठानं तर पुढे गुण पाहणंच सोडलं. गरीब मुलांवरचं ओझं उतरलं, असं अनेकांना वाटलं.

मग डार्टमथ कॉलेजनं आपल्याकडच्या अर्जांचा अभ्यास केला. गरीब घरांतल्या काही मुलांना १६०० पैकी १४०० च्या वर गुण होते, तरी त्यांनी ते कळवले नव्हते. प्रवेश मिळणाऱ्यांचे गुण साधारणपणे याहून जास्त असतात, मग आपले कशाला दाखवायचे, असा त्यांचा हिशेब. प्रत्यक्षात प्रवेश समिती मुलाची शाळा आणि परिस्थिती पाहून गुण तोलते. साध्या शाळेतून आलेल्या मुलाचे तेवढे गुण तिच्या नजरेत भरले असते. झाकलेल्या गुणांनी त्यांचंच नुकसान केलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये डार्टमथनं परीक्षा पुन्हा सक्तीची केली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीनं हे पाऊल २०२२ मध्येच उचललं होतं. २०२४ मध्ये हार्वर्डही त्याच वाटेनं गेलं.

परीक्षा सक्तीची असावी की नसावी, हा वाद इथे संपत नाही. शिकवणीला पैसे मोजणाऱ्याचे गुण वाढतात, हे खरंच आहे. पण निवडीचा अधिकार हाती येऊन भागत नाही. तो कसा वापरायचा हे सांगणारं कुणीतरी जवळ लागतं. महागड्या शाळेत त्यासाठी पगारी सल्लागार असतो. टोबिन यांच्याकडे वाचणारे वडील होते. ज्या मुलाजवळ दोन्ही नाहीत, त्यानं आपले चांगले गुण लाजेखातर खिशातच ठेवले, तर ते कुणाला दिसणार?