पुसलेली पावली: टॅबलेटवर कागदपत्रे संपादित करताना

१/ प्रबंधासाठी मी मोडी जमाखर्चाच्या एका कागदाचे छायाचित्र टॅबलेटवर वाचत होतो. घडीवरचे डाग वाचनाच्या आड येत होते, म्हणून ते पुसले आणि फाइल त्याच नावाने जतन केली. पुढे बेरीज जुळेना. ‘लिहिणाऱ्या कारकुनाची चूक’ अशी टीप मी समासात लिहूनही टाकली.

२/ काही दिवसांनी मूळ कागद पुन्हा पाहिला. मी पुसलेला एक ‘डाग’ म्हणजे आकड्यापुढची उभी रेघ होती. जुन्या हिशेबात अशी एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. सव्वापाच रुपयांचे पाच मीच केले होते. कारकुनाची बेरीज बरोबर होती.

३/ पोथ्या लिहिणारेही चुका दुरुस्त करीत. चुकलेल्या अक्षरांवर हरताळ, म्हणजे एका पिवळ्या खनिजाचा लेप, लावून ती झाकली जात. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिथलाच. गाळलेले अक्षर मात्र समासात लिहीत आणि त्याची जागा दाखवायला ओळीत काकपदाचे चिन्ह करीत. हरताळाने पहिले अक्षर झाकले जाते. काकपदाने चूक आणि दुरुस्ती दोन्ही दिसत राहतात.

४/ या दुसऱ्या वृत्तीचे भव्य उदाहरण पुण्यात आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम आरंभिले. ते १९६६ मध्ये पूर्ण झाले. १९२५ पासून १९४३ मधील निधनापर्यंत विष्णु सीताराम सुकथनकर तिचे प्रमुख संपादक होते. या आवृत्तीसाठी १,२५९ हस्तलिखिते अभ्यासली गेली.

५/ पाठ ताडून पाहण्याची त्यांची रीत अशी: २४० चौकोन आखलेला एक लांब कागद. वर छापील प्रतीतला श्लोक, एका चौकोनात एक अक्षर. खाली एकेका हस्तलिखिताची ओळ. जिथे पाठ वेगळा, तिथे नेमक्या त्याच अक्षराखाली नोंद. उजवीकडे शेरे आणि अधिक श्लोक यांसाठी चार इंचांचा रकाना. फार मोठा अधिक मजकूर असेल तर वेगळे ‘शोधपत्र’ मागे जोडलेले. म्हणजे नोंदींचे वेगवेगळे थर, आणि कोणताही थर दुसऱ्याला पुसत नाही.

६/ सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट छापील ग्रंथात आहे. ज्या पाठाविषयी संपादकांची पूर्ण खात्री नव्हती, त्याच्याखाली त्यांनी नागमोडी रेघ छापली. नाकारलेले पाठही फेकून दिले नाहीत. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत ठेवले. संपादकाचा निर्णय चुकला असेल तर तो तपासण्याचे साधन वाचकाच्या हाती राहिले.

७/ आता माझे नियम चार. मूळ छायाचित्राला हात लावायचा नाही, काम प्रतीवर करायचे. टिपा वेगळ्या थरावर लिहायच्या. प्रत्येक टिपेवर तारीख घालायची. शंका असेल तिथे नागमोडी रेघ ओढायची.

८/ मित्रहो, टॅबलेटवर पुसणे इतके सोपे आहे की आपण काही पुसले, हेही लक्षात राहत नाही. हरताळाचा निदान पिवळा डाग तरी मागे उरत असे. कारकुनावर ठपका ठेवणारी माझी ती टीप मी खोडली आहे, पुसलेली नाही. शेजारी दुरुस्ती लिहिली आहे.